पेशीतील स्वभक्षण : शोधाचा आणि मापनाचा इतिहास

प्रस्तावना

पेशी जुने व निकामी घटक मोडून त्यांतील द्रव्य पुन्हा वापरते. या प्रक्रियेस स्वभक्षण अर्थात ऑटोफॅजी असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात या शोधाचा आढावा मापनपद्धतींच्या अंगाने घेतला आहे. कारण या क्षेत्राची प्रगती मोजण्याच्या साधनांमुळे झाली आणि मोठा संभ्रमही मोजण्यातूनच निर्माण झाला.

समस्थानिकांपासून लायसोसोमपर्यंत

प्रौढ शरीरातील प्रथिने बहुतांशी स्थिर असतात, असा समज १९३० च्या दशकात प्रचलित होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोएनहायमर यांनी नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची खूण असलेले अमिनो आम्ल उंदरांना खाऊ घातले. त्यातील निम्म्याहून अधिक नायट्रोजन ऊतींतील प्रथिनांत आढळला. उंदरांचे वजन मात्र स्थिर होते. याचा अर्थ, जुनी प्रथिने सतत मोडली जात होती. ती कोठे मोडतात, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर बेल्जियममध्ये मिळाले. उंदराच्या यकृताचा अर्क काही दिवस थंड ठेवल्यावर त्यातील ॲसिड फॉस्फेटेज या विकराची क्रियाशीलता वाढते, असे ख्रिस्तियान द दूव्ह यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. विकर पटलाच्या पिशवीत बंदिस्त असून पटल फुटताच मोकळे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या पिशवीस १९५५ मध्ये ‘लायसोसोम’ हे नाव मिळाले. १९६३ मध्ये त्यांनी ‘ऑटोफॅजी’ ही संज्ञा रूढ केली. १९७४ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते.

यीस्टमधील जनुके

पुढील सुमारे तीन दशके हा अभ्यास प्रामुख्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे व जैवरासायनिक मापने यांवर अवलंबून होता. जपानमध्ये योशिनोरी ओसुमी यांनी विघटक विकरांचा अभाव असलेल्या यीस्ट पेशींची उपासमार केली. रिक्तिकेत आलेले घटक मोडले न गेल्याने तेथे साचले आणि साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसले (१९९२). या दृश्य खुणेच्या आधारे १९९३ मध्ये १५ आवश्यक जनुकांचा मागोवा लागला. २०१६ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार ओसुमी यांना एकट्यांना मिळाला.

संख्या आणि प्रवाह

२००० मध्ये एलसी३ हे प्रथिन सस्तन प्राण्यांच्या स्वभक्षी पुटिकांची खूण म्हणून पुढे आले आणि पुटिका मोजणे सुलभ झाले. तथापि पुटिका वाढल्या म्हणजे स्वभक्षण वाढले, असे ठरत नाही. त्यांची निर्मिती वाढली असेल, किंवा विघटन अडले असेल. नदीची पातळी पाऊस वाढल्यानेही चढते आणि खाली बांध घातल्यानेही चढते, तसेच हे आहे. बॅफिलोमायसिनसारख्या द्रव्याने विघटन रोखून दोन्ही स्थितींतील एलसी३ ची तुलना केली असता प्रवाहाचा अंदाज येतो. २००७ मधील दुहेरी रंगाच्या पद्धतीत आम्लतेमुळे हिरवी चमक विझते, तांबडी उरते. त्यामुळे पुटिका लायसोसोमपर्यंत पोहोचल्याचे कळते. २००८ पासून संशोधकांनी मापनाची सामायिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व वेळोवेळी सुधारली.

समारोप

शोएनहायमर यांच्या प्रयोगाचे मर्म साठ्याऐवजी उलाढाल मोजण्यात होते. सहा दशकांनंतर तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. एखादे औषध स्वभक्षणास चालना देते की त्याचा मार्ग अडवते, याचा निर्णय या भेदावरच अवलंबून असतो. म्हणून पेशीविज्ञानाच्या अध्यापनात पुटिकांच्या चित्राबरोबर ते चित्र कसे वाचावे, याचेही शिक्षण अपरिहार्य ठरते.