पडली की नाही?

शाळेत असताना इतिहासाच्या सनावळ्या मला कधी पाठ झाल्या नाहीत. म्हणून घरच्यांनी मला कॉमर्सला घातलं आणि कॉमर्सनं बँकेत नेऊन बसवलं. पण एका विषयाचा इतिहास मात्र मी स्वखुशीनं, पदरचे रविवार खर्चून अभ्यासला आहे. तो विषय म्हणजे, गोटी गलीत पडली असं नेमकं केव्हा धरायचं?

हसू नका. या प्रश्नापायी दोन जिवलग मित्र सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातला एक मी.

१९९० सालचा उन्हाळा. बडनेऱ्यात रुळांपासून हाकेच्या अंतरावर आमचा अड्डा होता. गल म्हणजे टाचेवर गिरक्या घेऊन पाडलेला वाटीएवढा खड्डा. वऱ्हाडातली काळी माती मे महिन्यात अशी भेगाळते की गोटी गलीत कमी आणि भेगेत जास्त जाते. भेगेत गेलेली गोटी थेट पाताळात जाते, अशी आमची समजूत होती. त्या दिवशी डावावर अकरा गोट्या होत्या, त्यातली एक दुधी. मित्राची गोटी गडगडत आली, गलीच्या काठावर पोचली आणि थांबली. धड आत नाही, धड बाहेर नाही. एखाद्या कर्जाच्या अर्जासारखी. आम्ही दोघं पोटावर आडवे पडून, श्वास रोखून बघत राहिलो. बराच वेळ काही घडेना. एवढ्यात नागपूरकडून मालगाडी आली. जमीन थरथरली आणि गोटी टुपकन आत!

"पडली ना बे!" तो ओरडला.

"तुह्यानं नाही पडली, गाडीनं पाडली!" मी म्हणालो आणि अकराच्या अकरा गोट्या चड्डीच्या खिशात कोंबून घराकडे धूम ठोकली.

पुढे मी बँकेत लागलो आणि तो रेल्वेत. त्यानं रेल्वेत जाणं म्हणजे उघडउघड मालगाडीचा पक्ष घेणं होतं, असं माझं आजही मत आहे. त्याच्या लग्नात बोलणं सुरू झालं, पण निकाल राहिलाच.

आमच्याकडे कोणाला विचारावं तरी कोणाला? बडनेऱ्याहून दहा किलोमीटरवर, अमरावतीत, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं. मंडळाच्या लोकांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ थेट जर्मनांना करून दाखवले. हुतुतू बर्लिनला जाऊन आला, त्याचे नियम छापून झाले. गोट्यांना मात्र कोणी वाली भेटला नाही. त्यांचा कायदा ज्याचा आवाज मोठा त्याच्या घशात राहिला.

साहेबाचं तसं नाही. साहेब आधी नियम लिहितो, मग खेळतो. गोल्फ म्हणजे तरी काय, काठीनं खेळायच्या गोट्याच. एडिंबरोजवळच्या लीथ गावी १७४४ साली त्याचे तेरा नियम लिहून ठेवले. १८२९ साली तर कलकत्त्यात गोल्फचा क्लबही निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भोकाचा व्यास सव्वाचार इंच ठरवून टाकला. आमच्या गलीचा व्यास खणणाऱ्याच्या टाचेवर अवलंबून होता, आणि टाच दर उन्हाळ्यात वाढत होती.

मध्यंतरी कॅलिफोर्नियातल्या भाच्यानं एक फोटो पाठवला. खांबाला लोखंडी साखळ्या लोंबताहेत आणि खाली जाळीची टोपली. मला वाटलं, कांदे ठेवायची सोय असेल. "मामा, हा डिस्क गोल्फ. तबकडी फेकून ह्या टोपलीत टाकायची." चौकशी केली तेव्हा कळलं की १९७५ साली एड हेड्रिक नावाच्या गृहस्थानं कॅलिफोर्नियात ह्या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. सुरुवातीला नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की डाव पुरा. मग जे व्हायचं तेच झालं. "लागली!" "नाही लागली!" या कटकटीला कंटाळून त्यानं साखळ्या आणि टोपली शोधून काढली आणि १९७७ साली तिचं पेटंट मिळवलं. मला ह्या माणसाबद्दल एकदम घरचा उमाळा आला. आता नियम असा, की तबकडी साखळ्यांत किंवा टोपलीत येऊन थांबली पाहिजे. साखळीला आपटून बाहेर उडाली, तर नाही. वरच्या टोपावर जाऊन बसली, तरी नाही. आम्ही काउंटरवर रोज हेच सांगतो: चेक पेटीत टाकला म्हणजे पैसे जमा झाले असं नाही, तो वटला पाहिजे. हेड्रिक २००२ साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली. मेल्यावरसुद्धा माणूस टोपलीत पडायचा नाद सोडीना!

पण मालगाडीचं काय? ते सापडलं गोल्फमध्येच. चेंडू भोकाच्या काठावर अडला, तर तिथवर चालत जायचं आणि दहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात पडला तर पडला. मला आनंदाचं भरतं आलं. आमची गोटी दहा सेकंद कसली, चांगली दोनतीन मिनिटं लटकली होती! मग चष्मा पुसून पुढची ओळ वाचली. दहा सेकंदांनंतर आपसूक पडला, तरी आधीच्याच फटक्यानं पडला असं धरायचं. फक्त दंडाचा एक फटका वाढवायचा.

मित्र बँकेत पासबुक भरायला आला, तेव्हा मी प्रामाणिकपणे त्याला सगळं वाचून दाखवलं.

"म्हंजे माही पडली होती?"

"पडली होती. पण एकाचा दंड."

त्यानं पासबुक मिटलं. "मंग दहा काढ. दुधी धरून."

दहा गोट्या मी त्याच संध्याकाळी बाजारातून आणल्या. दुधी मिळायला तीन दुकानं पालथी घातली. त्या त्यानं मोजून घेतल्या आणि व्याज मागितलं. आता पस्तीस वर्षांचं व्याज सरळ धरायचं की चक्रवाढ, यावरून आमचं बोलणं पुन्हा बंद आहे.