निर्दोष मानलेले यकृत

१९३२. फ्रायबुर्ग येथे हान्स क्रेब्स आणि वैद्यकाचा विद्यार्थी कुर्ट हेन्झेलाइट यांनी उंदरांच्या यकृताच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करून युरिया चक्र उलगडले. प्रथिनांच्या विघटनातून निघणारा विषारी अमोनिया यकृत याच चक्राद्वारे युरियात बदलते. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यूवंशीय क्रेब्स यांना पदावरून हटवले. ते इंग्लंडला गेले. (१९५३ चे नोबेल मात्र त्यांना दुसऱ्याच चक्रासाठी मिळाले!)

या चक्रातील एखादे विकर जन्मतःच सदोष असेल, तर रक्तात साचलेला अमोनिया मेंदूवर आघात करतो. त्यामुळे वैद्यांची नजर दीर्घकाळ मेंदूवरच खिळली. अर्जिनिनोसक्सिनिक अ‍ॅसिड्युरिया हा विकार १९५८ साली इंग्लंडमध्ये प्रथम वर्णिला गेला, तोही बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांत. यकृतात एका विकराची उणीव, एरवी ते धडधाकट, असा समज दृढ झाला.

तो अपुरा होता. आहारनियंत्रण व औषधांनी मुले जगू लागली, तसे याच विकारात यकृत सुजणे, तंतुमय होणे, क्वचित सिरोसिसपर्यंत जाणे दिसू लागले. कित्येकदा अमोनिया आटोक्यात असूनही.

यांतील बहुतेक विकार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकटतात. म्हणूनच आते-मामे भावंडांच्या सोयरिकी होणाऱ्या मराठवाड्याला हा इतिहास परका नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने या विकारांसाठी यकृत प्रत्यारोपण स्वीकारले, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यातील एक केंद्र. नवजात अर्भकाचा अमोनिया तासातासाने चढतो, आणि परभणीजवळच्या झरीहून मुंबई रात्रभराच्या प्रवासावर आहे.