उष्णता वाहून नेणारी नळी

जुन्या लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड बदलता येते का? बहुतेकांत नाही; ती चिप मुख्य पाटीवरच डाखलेली असते. २००४ मध्ये एनव्हिडियाने एमएक्सएम हा सुट्या कार्डाचा नमुना आणला, तेव्हा काही लॅपटॉपमध्ये ते शक्य झाले. पण नवे कार्ड खाचेत बसले तरी उष्णता बाहेर नेणारी तांब्याची नळी जुन्याच मापाची राहते. खरी अडचण ही.

ही नळी लॅपटॉपहून जुनी आहे. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये तिचे पेटंट मिळाले, तेही शीतकपाटासाठी! फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली.

बंद नळीत थोडे पाणी आणि आतून जाळीदार अस्तर असते. हवा काढून घेतल्याने पाणी १०० अंशांच्या बरेच खाली उकळते. तप्त टोकाला त्याची वाफ होते, पंख्याजवळच्या टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तसे ते अस्तरातून माघारी येते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला ४.२ ज्यूल पुरतात. त्याची वाफ व्हायला २,२०० हून अधिक लागतात. अप्रकट उष्मा शिकवताना मला हे उदाहरण बर्फापेक्षा सरस वाटते.

मात्र कार्ड फार तापले, तर पाणी परतण्याआधीच तप्त टोक कोरडे पडते. मग उरते नुसती तांब्याची पोकळ नळी, आणि चिप जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करते.