शाहू छत्रपतींचा खंड्या : एक पुनर्विचार

साताऱ्याजवळ कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीस, समाध्यांच्या समुदायांत एक समाधि कुत्र्याची आहे. थोरले शाहू महाराज यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची ती होय. माहुलीस जाणारा यात्रेकरू तिच्यापुढें क्षणभर थांबतो, कौतुकानें हंसतो व पुढें चालूं लागतो. इतिहासकारांनींही बहुधा हेंच केलें आहे. तथापि या कुत्र्याच्या प्रकरणावरून एका छत्रपतीच्या बुद्धीविषयीं निवाडा दिला गेला असल्यानें त्याची जरा बारकाईनें तपासणी होणें अवश्य आहे.

निवाडा देणारा ग्रंथकार कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा होय. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या कथनाचा सारांश असा : उतारवयांत महाराजांस बुद्धिभ्रंश झाला, त्या भरांत दोघां मराठे सरदारांची भेट घ्यावयाच्या प्रसंगीं त्यांनीं भर दरबारांत कुत्र्यास जरतारी वस्त्रें व जवाहीर घातलें आणि आपली पगडी त्याच्या मस्तकीं ठेविली, पुढें शुद्धीवर आल्यावरही त्यांनीं पुन्हा शिरोभूषण धारण केलें नाहीं. या कुत्र्यानें वाघाच्या शिकारींत महाराजांचे प्राण वांचविले होते, म्हणून त्यास जहागिरीच्या व पालखीच्या सनदा दिल्या. दरबाऱ्यांनीं राजाची लहर सांभाळली व पालखीचा सरंजामही चालविला.

ग्रँट डफ 1818 पासून 1822 पर्यंत साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता. महाराज 15 डिसेंबर 1749 रोजीं निवर्तले. म्हणजे ज्यांचे वाडवडील प्रत्यक्ष त्या दरबारांत वावरले अशा लोकांशीं त्याचा नित्य संबंध होता व राजघराण्याचें दफ्तर त्याच्या हाताशीं होतें. तेव्हां कुत्रा, वाघ, जहागीर व पालखी या चार गोष्टी त्यानें कल्पनेनें रचल्या असें म्हणतां येत नाहीं. परंतु घडलेली गोष्ट निराळी व तिच्यावर चिकटविलेला अर्थ निराळा. वेडाचा अर्थ हा डफसाहेबाचा आहे. तो मान्य करण्यापूर्वीं महाराजांचें जीवन कसें होतें हें पाहिलें पाहिजे.

महाराजांचा जन्म 1682 सालचा. रायगड पडला तेव्हां, 1689 सालीं, ते सात वर्षांचे होते. तेथून 1707 पर्यंत त्यांचें वास्तव्य मोंगली छावणींत झालें. राजपुत्र घरीं शिकतो तें ते परक्या डेऱ्यांत शिकले. मोंगल छावणींत शिकार हा केवळ खेळ नसे. बाज, चित्ते, कुत्रे व त्यांना राखणारे लोक यांचा तो एक स्वतंत्र संसारच असे. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो यानें जहांगीर बादशहास नजर करण्यासाठीं विलायतेहून मोठे शिकारी कुत्रे आणिले होते, यावरून या शौकास त्या दरबारांत किती प्रतिष्ठा होती हें दिसून येईल. 12 जानेवारी 1708 रोजीं साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्यानंतर स्वाऱ्या-शिकारींपैकीं स्वाऱ्या पेशव्यांनीं व सरदारांनीं कराव्या आणि शिकार महाराजांनीं करावी, अशी जणूं वांटणीच झाली. मिरजेच्या 1739 च्या मोहिमेसारखा अपवाद सोडला तर ते सातारा प्रांताबाहेर फारसे पडले नाहींत.

पोशाख साधा, पांढरा, मन दयाळू, छंद पशुपक्ष्यांचा. वसई पडल्यानंतर त्याच 1739 सालीं मुंबईकर इंग्रजांनीं कॅप्टन विल्यम गॉर्डन यास महाराजांकडे पाठविलें, तेव्हां राजकारणाच्या बोलण्याबरोबर महाराजांनीं तऱ्हेतऱ्हेच्या पक्ष्यांचीही मागणी केली. गॉर्डनास तें चमत्कारिक वाटलें असेल, आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या हाताखालीं राज्याचे सर्व व्यवहार दुसरेच करितात, अशा मनुष्यास विश्वासाचें प्राणी हवे असतात. प्रतिनिधि, पेशवे, सेनापति, भोसले या सर्वांची सेवा मोलाची खरी, पण प्रत्येकाचा कांहींतरी अर्ज तयारच असे. खंड्याचा अर्ज नव्हता. रानांत पुढें धांवणारा, वाघ उठला तर मागें न सरणारा आणि वाड्यांत परतल्यावर पायांशीं बसणारा असा कुत्रा शाहू महाराजांच्या दिनचर्येस जितका साजेसा होता, तितका बाजीरावास झाला नसता. बाजीरावास घोडाच हवा.

धन्याच्या राहणीप्रमाणें कुत्रा असतो, हें राजवाड्यापुरतेंच खरें नाहीं. उत्तर कोकणांत पालघराहून मनोरकडे जातांना सूर्या नदीच्या अंगास मासवण गांव लागतो. त्या भागांतील वारल्यांच्या पाड्यावरचा कुत्रा पाहावा. त्यास ना सांखळी, ना जात, ना वंशावळ. पेजेवर वाढतो, अंगणांत निजतो, धनी लांकडांस रानांत निघाला कीं न बोलावतां मागें लागतो. या लोकांचा वाघोबा हा देव आहे; त्याची मूर्ति लांकडावर वा दगडावर कोरून शेंदूर लावितात व तिची पूजा करितात. जेथें वाघास देव मानावें लागतें, तेथें वाघाची चाहूल प्रथम सांगणाऱ्या प्राण्याचें मोल कोणीं शिकवावें लागत नाहीं. मासवणच्या आसपासचा हा मुलूख, अशेरी व तारापूर यांसह, 1737 ते 1739 च्या मोहिमेंत मराठ्यांकडे आला तेव्हां छत्रपतींच्या गादीवर हेच शाहू महाराज होते. म्हणून हें उदाहरण अगदींच अप्रस्तुत नव्हे.

आतां सनदेचा विचार. सेवेबद्दल जमीन व पालखी देणें ही मराठशाहींतील नित्याची रीत. जहागीर कुत्र्याच्या नांवें झाली तरी तिचें उत्पन्न त्यास राखणाऱ्या माणसास व पालखीच्या भोयांसच पोंचावयाचें, जसें देवाच्या नांवचें इनाम गुरवाच्या घरीं जातें. अठरा कारखान्यांत शिकारखाना होताच. त्यांतील एका चाकराच्या नेमणुकीस जरा मोठें नांव मिळालें, एवढेंच येथें घडलें असें आमचें मत आहे. शिवाय ही कल्पना कांहीं महाराजांची नवीन नव्हे. कर्नाटकांत अटकूर येथें इसवी सन 950 च्या सुमाराचा एक लेखयुक्त दगड होता. तो पुढें बंगलूरच्या सरकारी संग्रहालयांत नेला गेला. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याचा मांडलिक गंग राजा बूतुग याचा मणलेर म्हणून एक वीर होता. तक्कोलमच्या युद्धांतील पराक्रमाबद्दल काय हवें असें राजानें विचारतां त्यानें काली नांवाचा कुत्राच मागून घेतला. पुढें त्या कुत्र्यानें एका मोठ्या रानडुकराशीं झुंज घेतली, तींत दोघेही मेले. तेव्हां मणलेरानें दगड उभा करून त्यास जमीन तोडून दिली. बूतुगास वा मणलेरास कोणीं वेडे ठरविलेलें नाहीं.

खुद्द मराठ्यांच्या घरांतही कुत्र्यास देव्हाऱ्याचा संबंध आहे. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात व कोटंब्यांतून खातात. ‘खंड्या’ हें नांव त्या दैवतावरूनच पडलें असावें असा आमचा तर्क आहे.

राहिली पगडीची गोष्ट. तिचें एक निराळें कथन महाराष्ट्रांत चालत आलें आहे. इंद्रोजी कदम नांवाच्या एका संपन्न सरदारानें आपल्या ऐश्वर्याचा डामडौल मिरविण्याचा बेत केला. तें कळतांच महाराजांनीं आपले सर्व अलंकार कुत्र्याच्या अंगावर चढविले व आपण साध्या पांढऱ्या वस्त्रांनीं, उघड्या मस्तकानें बसले. सरदार काय तें समजला. डफसाहेबाच्या कथनाशीं ही आख्यायिका पडताळून पाहिली तर कुत्रा तोच, जवाहीर तेंच, दरबारही तोच. मात्र वेडाच्या जागीं मार्मिक शासन दिसतें. महाराजांच्या अखेरच्या काळांतील आजार खरा आहे; पण राजाची थट्टा परकीयास न समजणें हेंही अशक्य नव्हे. आमचा कल दुसऱ्या कथनाकडे आहे, कारण जन्मभर साधेपणानें राहिलेल्या पुरुषाच्या स्वभावाशीं तेंच जुळतें.

येथें एक सावधगिरी सांगणें भाग आहे. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ वाघ्या नामक कुत्र्याचें स्मारक आहे. त्यानें महाराजांच्या चितेंत उडी घेतली अशी कथा सांगतात. तें स्मारक 1936 सालचें असून त्या कथेस समकालीन आधार नाहीं. त्यावरून वाद झाले, 2012 सालीं पुतळा हलविला गेला व पुन्हा बसविण्यांतही आला. हे दोन कुत्रे लोकांच्या बोलण्यांत वारंवार एक होतात. माहुलीच्या समाधीस वाघ्याची समाधि म्हणणारेही भेटतात. संग्राहकांनीं टिपणें करितांना हीं दोन नांवें अलग ठेवावीं. वाघ्याचा निकाल कांहींही लागो, खंड्याची पालखी 1826 च्या छापील ग्रंथांत आहे आणि त्याची समाधि कृष्णेच्या कांठीं आहे.