औटकी कुठे गेली?

झटपट गुणाकाराच्या युक्त्या म्हटल्या की आज ‘वैदिक गणित’ हेच नाव पुढे येते. ९७ गुणिले ९६ घ्या. शंभराला एक संख्या ३ ने कमी, दुसरी ४ ने. ९७ मधून ४ वजा केले की ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. युक्ती सुंदर आहे आणि शाळेतल्या बीजगणिताने ती सिद्धही होते. प्रश्न आहे तो तिच्या कुळाचा. भारती कृष्ण तीर्थ यांचा ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९६५ साली छापला गेला. त्यातली सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत आढळत नाहीत, हे त्याच्या संपादकांनीच प्रारंभी नोंदवले आहे.

याउलट, ज्यांचा पुरावा हाताशी आहे त्या युक्त्या आपण विसरलो आहोत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती दिल्या. बाराचे ८ आणि ४ असे तुकडे करा, आधी तिनाने मग चाराने गुणा, किंवा दहापट करून त्यात दुप्पट मिळवा, उत्तर १६२०च. संख्या सोयीने फोडणे हेच तोंडी गुणाकाराचे मर्म.

हेच मर्म मराठी अंकलिपीत पाढे होऊन उतरले. मी जमवलेल्या जुन्या अंकलिप्यांत पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी येतात. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, प्राकृत ‘अद्धुट्ठ’, मराठी ‘औट’, अशी त्या शब्दाची वाटचाल. साताची औटकी साडेचोवीस. साडेतीन रुपये वाराचे सात वार कापड मोजणाऱ्याला कागद लागत नसे.

हे पाढे बाजाराने घडवले. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, मणाचे ४० शेर. त्यामुळे मणाचा भाव जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर. मण १८ रुपये असेल तर अडीच शेराचे १८ आणे. कारण चाळिसाचा सोळावा भाग अडीच. तसेच नग जितक्या पैचा, तितक्या आण्यांना डझन. अपूर्णांक हा अवघड धडा नव्हता, रोजचा व्यवहार होता.

१ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, १ ऑक्टोबर १९५८पासून किलोग्रॅम येऊ लागला आणि या गणिताचा पायाच निघाला. ते व्हायलाच हवे होते. दशमान पद्धत सोपी आहे. खंत वेगळी आहे. अभिमानासाठी आपण वेदांत सूत्रे शोधत राहिलो आणि पंतोजींचे, वाण्याचे, कारकुनाचे अस्सल गणित रद्दीत घातले. ते कोणा ऋषीच्या नावावर नव्हते, म्हणून त्याला वारस मिळाला नाही.

१९५७पूर्वी शाळेत गेलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे आहे. औटकीचे शब्द अंकलिपीत सापडतील. तिची चाल मात्र त्यांच्याच कानात आहे. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना ती म्हणायला सांगावी आणि ध्वनिमुद्रित करून ठेवावी. इतिहासाचे हे साधन दप्तरखान्यात मिळणार नाही.