शर्यतीचा घोडा आणि न्यायाचे माप

सोनपेठ १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत घोड्यांच्या शर्यती, तर मराठवाड्याच्या खेड्यांत बैलांचे शंकरपट, असे दोन खेळ नांदले. कायद्याने मात्र त्यांना निरनिराळी मापे लावली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत कौशल्याचा खेळ ठरविली. तेथे प्रश्न जुगाराचा होता, घोड्याच्या वेदनेचा नव्हे. २०१४ साली बैलशर्यती निषिद्ध झाल्या, त्या प्राण्याच्या यातनेचा विचार करून. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्याजोगी नाही, हेही एक कारण होते. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला व २०२३ साली तो वैध ठरला. परंतु धावण्याची क्षमता म्हणजे चाबकाला संमती नव्हे. बैलासाठी विचारलेला प्रश्न घोड्यासाठीही विचारणे न्यायसंगत होय.