रात्रीचा पहारा कुणी करायचा?

शुगर म्हटलं की आपल्याला उतारवयातली माणसं आठवतात. पण टाईप वन नावाचा मधुमेह लहान मुलांनाही होतो. त्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. इन्सुलिनचं औषध येण्याआधी अशी मुलं वाचत नसत. डॉक्टर त्यांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस तगवत, एवढंच.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटो शहरात १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनची सुई दिली. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं, त्यामुळे गुण आला नाही. जेम्स कोलिप यांनी ते शुद्ध केलं आणि १२ दिवसांनी पुन्हा सुई दिली. साखर उतरली. तो मुलगा आणखी १३ वर्षं जगला.

जीव वाचला, पण घरात रोजचं काम वाढलं. काचेची सिरिंज उकळायची, सुईला धार लावायची, लघवी तपासून साखरेचा अंदाज घ्यायचा, खाणं मोजायचं. हे काम यंत्राने करावं असं वाटणं साहजिकच होतं. १९७० च्या दशकात तसं यंत्र निघालंही. ते रक्तातली साखर मोजून आपोआप इन्सुलिन द्यायचं. पण होतं एवढं मोठं, की दवाखान्यात खाटेशेजारीच ठेवावं लागे. पुढे कमरेला लावायचा छोटा पंप आला, पण साखर किती आहे हे त्याला कळत नव्हतं.

१९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचं नुकसान खूप कमी होतं. पण त्याच लोकांची साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण सुमारे तिपटीने वाढलं. साखर फार उतरली की घाम येतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपते. झोपेत असं झालं तर कळणार कुणाला? म्हणून कितीतरी आया रात्री उठून लेकराचं बोट टोचत बसल्या.

पुढे कातडीखालची साखर दर काही मिनिटांनी मोजणारा सेन्सर आला. अमेरिकेतल्या डॅना लुईस यांना स्वतःला हा आजार आहे. त्यांच्या सेन्सरचा गजर इतका हळू वाजायचा, की झोपेत जागच येत नसे. कंपनीची वाट न पाहता त्यांनी स्कॉट लिब्रँड यांच्या साथीने आधी मोठा गजर केला. मग सेन्सर आणि पंप छोट्या संगणकाने जोडले आणि २०१५ साली ती रीत सर्वांसाठी खुली केली. ‘आम्ही थांबणार नाही’ असं म्हणत जगभरच्या रुग्णांनी आणि पालकांनी अशी यंत्रं घरी जोडली.

२०१६ साली अमेरिकेत कंपनीच्या अशा पहिल्या यंत्राला मंजुरी मिळाली. जेवताना किती खाल्लं ते मात्र रुग्णानेच सांगायचं. हे तयार यंत्र घेऊनही अनेकांनी आपोआप चालणारी सोय बंद केली. का? सारखे गजर वाजत, आणि यंत्र नीट चालावं म्हणून बोट टोचावंच लागे. पुढच्या यंत्रांत हा जाच कमी झाला, तसे लोक टिकले. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून सरकारी आरोग्यसेवेतून अशी यंत्रं टप्प्याटप्प्याने दिली जात आहेत.

तर बायांनो, ‘पेशंट ऐकत नाही’ म्हणणं सोपं असतं. बिनधुराच्या चुलीचंही असंच झालं नव्हतं का? चूल आली, पण रांधणारीला कुणी विचारलं नाही, म्हणून किती तरी चुली कोपऱ्यात पडल्या. नवी वस्तू काम हलकं करते की वाढवते, हे वापरणारीलाच आधी कळतं.

हे यंत्र आज आपल्यातल्या बहुतेकींच्या ऐपतीबाहेरचं आहे. आपल्या मुलांचा आधार अजून सुईच आहे. टाईप वनच्या मुलाची ती सुई कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. साखर उतरल्याची खूण दिसली आणि मूल शुद्धीवर असलं तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखाना गाठा. आणि पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपल्या गावात असं मूल आहे का, आणि त्याच्या आईला रात्रीची झोप मिळते का? नसेल, तर पहाऱ्याची एक पाळी आपण घेऊ शकतो.